दोन खोल्या, गच्ची आणि सिन्योरा सान्तिना

"गच्ची हवी," तोमाझो म्हणाला. "गच्ची नसेल तर मी येत नाही."

"मग राहा तूरीनलाच. शेजाऱ्यांची मांजर सांभाळ," एत्सिओनं लेकाला उडवून लावलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

रविवारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. टेबलावर संत्र्यांची सालं तशीच पडली होती. ईस्टरच्या सुट्टीला पालेर्मोला जायचं होतं आणि चौघांना पुरेल असं भाड्याचं घर शोधणं चाललं होतं. पालेर्मो म्हणजे त्याच्या बायकोचं, निन्फाचं माहेर. पण माहेरच्या घराचं छत गळत होतं. धाकटी बीचे जन्मली त्या वर्षापासून गळतच होतं. भाऊ लिल्लो आईला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला होता आणि तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. सुट्टी जवळ आली की आई फोनवर म्हणायची, "छत होऊ दे गं एकदा, मग या सगळे." बीचेनं अजून आपल्या नोन्नाला, आजीला, पाहिलंच नव्हतं. यंदा निन्फानं मनाशी ठरवलं, कुणाला त्रास नको. आपली जागा आपण घ्यायची आणि पोरांना घेऊन थेट आईच्या दारात उभं राहायचं. आईला तिनं कळवलंही नव्हतं.

"हे बघ, बाजाराला लागून आहे," एत्सिओ म्हणाला.

"नको. पहाटेपासून मासेवाले बोंबलतात."

"मग हे?"

"पाचवा मजला, लिफ्ट नाही. बॅगा तू वाहणार?"

एत्सिओनं निमूट पुढचं घर उघडलं.

"हेच! हेच!" तोमाझो ओरडला. "गच्ची आहे, झोपाळा पण आहे!"

निन्फा सिंकपाशी कॉफीचं भांडं घासत होती. एत्सिओ मोठ्यानं वाचू लागला. "राहून गेलेल्यांनी काय लिहिलंय ऐका. 'घर छानच आहे, पण खरं सुख म्हणजे घरमालकीण सिन्योरा सान्तिना. रोज सकाळी मुलांसाठी गरम केक आणायची. आमची पोरं तिला नोन्नाच म्हणायला लागली.' हे बोलोन्याचे लोक. आणि हे दुसरे, 'निघताना आजी रडली. आम्हीही रडलो.'" तो हसला. "अगं, तुझ्या आईच्या नावाचीच आहे!"

"पालेर्मोत ढिगानं सान्तिना आहेत," म्हणत निन्फा हात पुसत आली.

भिंतींना नवा रंग होता. पडदे नवे, पलंग नवे. एत्सिओनं स्वयंपाकघराचा फोटो पुढं केला आणि निन्फाचा हात तिथंच थांबला. शेगडीमागच्या भिंतीवर लिंबांची चित्रं असलेल्या फरशा होत्या. त्यातली एक उलटी होती. बाबांनी त्या स्वतः बसवल्या होत्या, आणि त्या एका फरशीवरून आई त्यांना शेवटपर्यंत टोचून बोलायची.

"हे आमचं घर आहे," निन्फा म्हणाली.

एत्सिओला आधी ती थट्टा वाटली. मग तिचा चेहरा पाहून त्यानं आवाज खाली आणला. "लिल्लोचं काम असणार. तुझ्या आईला काय कळतंय यातलं?"

"केक लिल्लो भाजतो का?"

लिल्लोनं फसवलं असतं तर ती त्याला फोन करून चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. लहानपणापासून तेच करत आली होती. तिनं एकेक अभिप्राय खाली खाली वाचत नेला. मिलानोची पोरं, व्हेरोनाची पोरं. कुणाच्या मुलीला ताप आला तर सिन्योरा उशाशी बसून राहिली. कुणाच्या बाळाला तिनं मोजे विणून दिले. बीचेच्या वाढदिवसाला पोस्टानं फक्त एक कार्ड यायचं.

तिनं आईला फोन लावला. एत्सिओलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"मम्मा, छताचं काय झालं?"

"कुठलं काय गं! लिल्लो म्हणतो, गवंडी ईस्टरनंतर येणार. तुम्ही एवढ्यात धावपळ करू नका हं. इथं नुसती धूळ."

"तू कुठं आहेस आत्ता?"

"कुठं असणार? लिल्लोकडे. खिडकीत बसलेय."

एत्सिओनं निन्फाच्या खांद्यावर हात ठेवला. "सरळ विचार तिला," तो पुटपुटला. निन्फानं तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडं घंटा वाजली. साखळी ओढली की वाजणारी, माहेरच्या दाराची पितळी घंटा. लिल्लोच्या दाराला बटण होतं.

"ठेवते गं," आई घाईनं म्हणाली. "डोकं जरा दुखतंय."

पण फोन बंद झालाच नाही. आईला ते कधी धड जमलंच नव्हतं. पावलं वाजली, कडी निघाली, पोरांचा एकच कलकलाट झाला. आणि मग आईचा आवाज आला, मोकळा, लाडिक.

"या रे माझ्या राजांनो, या! सकाळपासून वाट बघतेय मी तुमची. हात धुवा आधी. केक अजून गरम आहे. लाजायचं नाही हं, हे तुमचंच घर."

एत्सिओनं लॅपटॉप मिटला. तोमाझोनं मान खाली घातली. निन्फा फोन बंद करायला वाकली, पण तिचं बोट पुढं होईना.

आवाज ऐकून आतल्या खोलीत झोपलेली बीचे डोळे चोळत बाहेर आली. खुर्चीवर गुडघे टेकून ती फोनवर ओणवली आणि कान देऊन ऐकू लागली. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"मम्मा," ती हळूच म्हणाली, "ही कुणाची नोन्ना आहे?"