पाचवी डिस्क

चौथी डिस्कही कॉम्प्युटरने वाचली नाही. संध्याकाळी पाचला भाषांतर द्यायचं होतं, आणि ते याच बंद पडलेल्या डबड्यात अडकलेलं.

पुन्हा तीन जिने उतरून मी खालच्या फडणिसांकडे गेले. त्यांच्या कॉम्प्युटरवरून शेवटच्या कोऱ्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. तिथे ती आधीच्या चारांसारखीच व्यवस्थित चालली. वर आले, डिस्क दर वेळेसारखी टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला आत गेले.

परतले तर चकचकीत बाजूवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, आणि सासूबाई हात जोडून उभ्या.

"अहो आई, हे काय केलंत?"

"तू चिडशील म्हणून आधीच्या चारांना लावून लगेच पदराने पुसलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पुसल्यामुळेच यश येत नसेल. म्हणून या वेळी राहू दिलं."