पाय झटकून

किनाऱ्यावरची काळी वाळू उपसून खनिजं काढायचा परवाना कंपनीला द्यायचा की नाही, ते आता तिच्या सहीवर अडलं होतं. "बाई, उद्या फाईल हातावेगळी करा," साहेबांनी बजावलं होतं.

ती विचारातच घरी पोहोचली. रोज ओरडल्याशिवाय पाय न झटकणारी लेक आज दारातच तळवे दाखवत उभी राहिली.

"बघ, एक कणसुद्धा नाही. बाबांना चपलापण झटकायला लावल्या. सगळी वाळू समुद्रावरच ठेवून आलो."

"शहाणं गं माझं पिल्लू. चला, आज माझा केर काढायचा वाचला."

"केरासाठी नाही काही," लेक म्हणाली. "तिथली वाळू कुणी उचलून नेली की तू रागावतेस ना, म्हणून."