दोन बोटं वर

"दोन बोटं वर," गुमेर म्हणाला. "एक नको, दीड नको. दोन."

नेलिदाने मान हलवली. शनिवार, म्हणजे सांता ब्राउलियाच्या तुरुंगात बायकांच्या भेटीचा दिवस. तिच्या दंडावर दारातल्या शिपायाने मारलेला शाईचा नंबर होता आणि मांडीवर भाताचा डबा. भातातलं बदक गुमेरने आधीच संपवलं होतं.

"भिंतीत तेवढेच खळगे पडतील. पावलाचं टोक मावलं की झालं. मिस्त्रीला दिसले तर तो चुना थापून मोकळा होईल, सिमेंट कशाला घालवतोय! आणि चुना चमच्यानेही निघतो."

गुमेरला यातलं कळत होतं. अकरा वर्षं त्याने हेच केलं होतं. भिंतीमागून भिंत ओतून शटरिंगची, म्हणजे काँक्रीटच्या साच्याची, पॅनेलं झिजतात, प्लायवुड सोलवटतं. खराब भाग गोल कापायचा, तिथे नवी चकती बसवायची, फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि घासून सपाट करायचं. पॅनेलवर जे वर राहतं, ते भिंतीत खोल उमटतं. गुमेर आत गेल्यावर शटरिंगच्या यार्डातली त्याची जागा नेलिदाने धरली. दोन वर्षांनी तुरुंगाच्या नव्या भिंतीचं कंत्राट त्याच यार्डाला मिळालं. देवाच्या मनात आलं की तो टेंडरसुद्धा काढतो, असं तिची सासू एतेल्विना म्हणायची.

"सापडलं तर?" नेलिदाने विचारलं.

"सापडलीस तर तू आत येशील. मी आहेच." तो हसला. मग त्याने तिचं मनगट धरलं. "यार्डात हसत होतीस म्हणे. आई सांगत होती."

"मिस्त्री घसरून पडला. सगळेच हसले."

"सगळ्यांचं मला नको सांगूस."

एका कंडक्टरने सुटे परत देताना नेलिदाच्या हाताला हात लावला, असं एकदा गुमेरला वाटलं होतं. तो कंडक्टर आता एकाच डोळ्याने सुटे मोजतो. गुमेर आत होता तो त्यासाठीच.

"नाताळापर्यंत मी इथे सडणार नाही. माझं घर मला बघायचंय. वकिलाच्या अर्जाचं काय झालं?"

"एक कागद कमी आहे म्हणतात."

"कुठला?"

"वकिलांचे कागद. मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळतं तरी कशातलं!" असं म्हणून त्याने मनगट सोडलं.

घरी एतेल्विना रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "किती झाल्या?" नेलिदा चकत्यांचा आकडा सांगायची. सासू तेवढे जपमाळेचे मणी पुढे सरकवायची आणि आतून कुलूप लावून किल्ली उशीखाली ठेवायची. मुलाने तसं सांगून ठेवलं होतं.

मंगळवारी तेओफिलो मिस्त्रीने खालच्या रांगेच्या एका पॅनेलवरून तळहात फिरवला आणि थांबला.

"हे काय, बाई? पॅनेल आहे की माझं जेवणानंतरचं पोट?"

नेलिदा पॅनेलवर वाकली. "ओलीने प्लाय फुगलंय, मिस्त्री."

"तुझा नवरा डोळे मिटून सपाट करायचा."

"त्यालाच विचारून करते. दर शनिवारी."

"मग त्याला म्हणावं, आतल्या हवेने हात बिघडलाय तुझा." मिस्त्री हसला. परत पाठवायला वेळ नव्हता. लिमाच्या सरकारी साहेबाला शुक्रवारी भिंत उभी हवी होती. पॅनेल गेलं.

मधल्या रांगेचंही तसंच गेलं. वरच्या रांगेच्या पॅनेलवर मात्र नेलिदाने सगळ्यात जास्त वेळ घालवला. घासायचं, तळहात फिरवायचा, पुन्हा घासायचं. या खेपेला मिस्त्रीच्या हाताला काही लागता कामा नये, एवढी काळजी तिने घेतली. लागलं नाही.

भिंत उभी राहिली. खळगे दिसले, चार शिव्या पडल्या, चुना थापला गेला. सगळं गुमेर म्हणाला होता तसंच.

"कोपऱ्यापासून तिसरं पॅनेल," तिने शनिवारी त्याला सांगितलं.

"नीट केलंयस ना?"

"तू शिकवलंस तसं."

रविवारी भर दुपारी मैदानात फुटबॉलचा सामना रंगला होता. शिपायांचे डोळे चेंडूवर होते. गुमेर चमचा दातात धरून भिंतीला भिडला. एकेक खळगा उकरत त्याने दोन रांगा पार केल्या. मग हात वर नेला आणि भिंतीवरून फिरवला. डावीकडे, उजवीकडे. पुन्हा डावीकडे. भिंत आरशासारखी होती.

वर जाता येईना आणि खाली कुठे पाऊल टाकावं ते दिसेना. सामना थांबला. दोन्ही संघ मातीत बसून वर बघू लागले. तुरुंगाकडे एवढी उंच शिडी नव्हती, ती यार्डातून मागवावी लागली. तोवर चाळीस मिनिटं गुमेर पालीसारखा भिंतीला चिकटून बायकोच्या नावाने ओरडत होता. शिपायांना वाटलं, प्रेम. उतरवायला गेलेल्या पहिल्या शिपायाला त्याने लाथ घातली, तेव्हा त्यांचा गैरसमज दूर झाला.

सोमवारी सकाळी तेओफिलो मिस्त्रीने ती पॅनेलं चौकशीची वाट न बघता भंगारात काढली. प्लायवाल्याला साहेबांसमोर भरपूर शिव्या दिल्या. चुना कुणी थापला, हा विषय तिथेच संपला.

एतेल्विना भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुपारी फोन वाजला. वकील होता.

"बाई, तीन महिने मी तुमच्याकडे एक सही मागत होतो. 'सुटल्यावर हा माझ्याच घरी राहील', एवढंच होतं त्या कागदात. केली असतीत, तर गेल्या महिन्यातच तो बाहेर असता. नसती केलीत, तरी नाताळाला शिक्षा संपतच होती. आता पळायचा प्रयत्न, वर शिपायाला मारहाण. आणखी चार वर्षं धरून चाला."

पलीकडे वकील सांत्वनाचे शब्द शोधत होता.

"पाच नाही का होणार?" तिने विचारलं.