हळदीचा हात

"वहिनी, ह्या फवाऱ्यापुढं मागच्या घरात काळं मांजर आडवं आलं, ते पांढरा ससा होऊन बाहेर पडलं!" सकाळी मी सांगितलं, तेव्हा वहिनी पोट धरून हसल्या. चाळीस वर्षं ब्रश ओढून माझा खांदा गेला, म्हणून रंगाचं हे मशीन भाड्यानं आणलेलं.

त्यांच्या ह्या नव्या घरात अट एकच. वास्तुशांतीला सासूबाईंनी देवघराशेजारी हळदीचा हात उमटवला होता, आणि महिन्याभरात त्या वारल्या. "म्हादूमामा, तेवढा राहू द्या." मी त्यावर कागद चिकटवला. फवाऱ्याच्या वाऱ्यानं तो कधी उडाला, रंगाच्या धुक्यात दिसलंच नाही. ब्रश असता तर हात आपोआप थांबला असता.

संध्याकाळी वहिनी त्या कोऱ्या भिंतीसमोर येऊन उभ्या राहिल्या. एरवी मला दहा थापा सुचल्या असत्या. भिंतच हळद प्यायली, म्हणालो असतो. पण इतका दमलो होतो, की खरं तेच बोललो.

"माझ्या हातून गेला, वहिनी."

त्या मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "सासूबाई म्हणायच्याच, हळदीचा हात भिंतीत मुरला की घर नांदतं. बसा मामा, चहा ठेवते."

थाप होती, आणि तीही कच्ची. उभा जन्म ह्यातच गेलेला, मला कळणार नाही होय? पण माझ्यासाठी आजवर कुणी थाप मारली नव्हती. रंगाच्या उपड्या डब्यावर टेकून मी ती मुकाट्यानं खरी मानली.