पूलावर बत्तीस पुतळे

जुना मित्र श्रीनिवास याने प्रागहून पाठवलेल्या पत्राला उद्धवरावांनी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. प्रागची गल्ली अन् गल्ली पुस्तकांतून पाठ केली यांनी, आणि पाहून आला श्रीनिवास! बरं, त्याने लिहावं काय, तर ‘जुन्या पूलावर बत्तीस पुतळे आहेत.’

“तीस आहेत! आणि ‘पुलावर’मधला पु ऱ्हस्व!” सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये पत्र लेकीपुढे नाचवत ते करवादले. “ज्याला धड मोजता येत नाही, त्याला प्राग!”

पत्र वाचता वाचता गार्गीला हसू फुटलं. “बाबा, श्रीनिवासकाका शाळेत मराठी शिकवायचे ना? पस्तीस वर्षं?”

“हो, मग?”

“आणि तुम्ही छापखान्यात प्रुफं तपासायचात. चूक दिसली की तुम्हाला गप्प बसवत नाही, हे त्यांना ठाऊक नसेल?”

उद्धवरावांनी पत्र तिच्या हातून घेतलं आणि लाल पेन शोधलं.

संध्याकाळी मॉलपलीकडच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं. आत श्रीनिवासचंच पत्र होतं, तेवीस चुका दुरुस्त केलेलं. तळाशी एवढंच लिहिलं होतं : ‘चोविसावी चूक माझी. हेवा वाटला, म्हणून गप्प बसलो.’