ओलं सारवण

“घराला दारं किती, हवालदार?” मधुसूदनराव वकिलांनी विचारलं.

“एकच हाय, साहेब.”

“आणि मागं?”

“मागं बाजूवाल्यायची भिंत हाय. एक झरोका हाय वरती, त्यातून मांजर बी नाही जात.”

कोर्टात थोडी खसखस पिकली. पिंजऱ्यातली मनकर्णा मात्र हसली नाही. कपाळाला ठसठशीत कुंकू, मनगटभर हिरवी काकणं आणि नजर समोरच्या भिंतीवर. पहिल्या तारखेपासून ती अशीच उभी राहत होती. खटला जणू दुसऱ्याच कुणावर चालला होता.

तिचा नवरा रुपराव कापडाच्या चोरीत पोलिसांना हवा होता. त्याला धरायला सकाळीच आलेल्या नत्थूजी हवालदाराला तिनं दारात आडवं होऊन अडवलं. तो पुढं सरकला तेव्हा शेणानं भरलेला हात त्याच्या खाकी सदऱ्यावर मारला. पोलीस तिलाच अटक करायला निघाले, तर ती चौकट काही सोडेना. सरकारी कामात अडथळा आणि अटकेला विरोध, असे दोन आरोप तिच्यावर लागले. रुपराव काही सापडला नाही. तो तेव्हापासून फरार होता.

खरं तर असले खटले चालवून मधुसूदनरावांचं मन पार बोथट झालं होतं. पण मनकर्णाची सासू देवकीबाई हिनं कधीकाळी त्यांच्या घरी दळणकांडण केलं होतं. डोळ्यांनी अधू झालेली ती म्हातारी चाचपडत आली आणि तिनं त्यांचे पाय धरले. “माह्या सुनेले जेलात जाऊ देऊ नका, भाऊ. तिच्याबिगर मले कोण हाय?”

लेकाविषयी ती चकार शब्द बोलली नाही. रुपराव पिऊन आला की दोघींनाही बडवायचा, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हातारीचा जीव विटला असेल, असं वकिलांना वाटलं.

ते महाल वस्तीतलं तिचं घर बघून आले. एकच लांबट खोली, मातीची जमीन, मधोमध चटई टाकून बसलेली देवकीबाई. “इथं खाली आमचं पेव होतं, भाऊ,” ती जमिनीवर थोपटत म्हणाली. “खंडीखंडी ज्वारी राहे त्याच्यात. आता ज्वारीच नाही, तं पेव कायले? बुजवून टाकलं.” वकिलांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष दाराकडं होतं.

“काहून अडवलंस गं पोलिसांना?” त्यांनी मनकर्णाला विचारलं होतं.

“सारवण ओलं होतं.”

“नवरा कुठं आहे?”

“ते मले नका विचारू, वकीलसाहेब.”

मारकुट्या नवऱ्यालाही पाठीशी घालणारी बाई, असं म्हणून त्यांना तिची कीवच आली. जामिनावर असलेली ती खटल्याच्या कामासाठी घरी आली की त्यांची बायको शामला परत जाताना कुंकू लावायला पुढं यायची. दर वेळी मनकर्णा मागं सरायची. “आज नको, बाई. शिवायचं नाही मले.” शेवटी शामला वैतागून म्हणाली, “हिची अडचण बारमाही आहे की काय?”

आता कोर्टात वकील हवालदाराच्या आणखी जवळ गेले.

“आदल्या संध्याकाळपासून तुम्ही दारावर पाळत ठेवून होता?”

“होय जी.”

“रुपराव आत जाताना दिसला?”

“दिसला. पिऊन होता, झुलत गेला. कुमक येईतोवर मी तेथून हललो नाही.”

“बाहेर येताना?”

“नाही जी.”

“मध्येच डोळा लागला असेल.”

“नाही, साहेब. बिडी प्यायले बी उठलो नाही.”

“मग सकाळी तुम्ही घर तुडवलं. काय काय पाहिलं?”

“सारंच पाह्यलं. मडके, कणग्या, आढ्यावर बी चढून पाह्यलं.”

“म्हणजे एका दाराच्या घरात माणूस शिरतो, बाहेर पडत नाही आणि आतही नसतो! सारवणात विरघळला का हो तो, हवालदार?”

कोर्ट खो खो हसलं. नत्थूजी लालबुंद झाला. “म्या त्याले आत जाताना पाह्यलं, साहेब. माह्या लेकराची शपथ.” शपथेनं हसू आणखीनच वाढलं.

मॅजिस्ट्रेटसाहेब मिशीत हसत म्हणाले, की ओल्या सारवणावर पाय दिला तर त्यांची आई त्यांनाही अजून सोडत नाही. घरात नसलेल्या माणसाच्या अटकेत अडथळा तो काय येणार? मनकर्णा निर्दोष सुटली. हवालदाराला ताशेरे ऐकावे लागले.

वकिलांना फार दिवसांनी बरं वाटलं. आपणच तिला घरी पोचवावं म्हणून त्यांनी रिक्षा केली. महालाच्या गल्लीपर्यंत मनकर्णा रस्त्याकडं बघत बसली. माणूस सुटल्यावर रडतं तरी, ही तेही करेना.

देवकीबाई उंबरठ्यावर बसली होती.

“सुटली काय वं?”

“सुटली, आत्याबाई.”

मागं उभे असलेले वकील म्हातारीला दिसले नाहीत. मनकर्णानंही सांगितलं नाही. म्हातारी भिंतीला धरत आत गेली. खोलीच्या मधली चटई तिनं गुंडाळून बाजूला केली आणि तिथं सारवणावर पणती लावून ठेवली. बोटांनी चाचपून वात दक्षिणेकडं वळवली. मग वरवंटा घेऊन ती परत आली, उंबरठ्याशी टेकली आणि सुनेचा हात ओढून तिनं उंबरठ्यावर ठेवला.

“तुह्यासाठीच थांबली होती मी आजवर,” ती म्हणाली. “आता ही काकणं फोडू दे वं. माह्या लेकाचं सुतक पाळू दे.”