आभार

जतच्या माळावरचा, चोरबाजारात मोठा भाव असलेला एक दुर्मीळ कंद सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शिकलगार सरांना मेंढपाळ भाऊसोनं दाखवला होता. अशा माणसांची नावं सहसा कुणी छापत नाही. सरांनी मात्र शोधनिबंधाच्या शेवटी भाऊसोचं पूर्ण नाव, वस्तीचं नाव घालून आभार मानले. निबंध छापून आल्यावर एका गुरुवारी ते त्याची प्रत घेऊन वस्तीवर गेले.

भाऊसोची बायको दगडाबाई दारातच होती. तिनं आधी सरांच्या मागं, रिकाम्या गाडीकडं पाहिलं.

"वहिनी, हे बघा. भाऊसोंचं नाव छापून आलंय."

"बघितलाय की ह्यो कागद. ऐतवारी चौघंजण गाडी घिऊन आलती. त्यांनी ह्यातलंच नाव वाचून दावलं. तुमची माणसं म्हणून मालकांनी च्या पाजला, आन् कंद दावाय त्यांच्यासंगं माळावर गेलं. सांजच्याला मेंढरं तेवढी आपली आपण माघारी आली."

सरांच्या हातातला कागद खाली आला. "वहिनी, मी कुणालाच पाठवलं नव्हतं."

दगडाबाईनं पुन्हा एकदा गाडीकडं पाहिलं.

"म्हंजी मालक तुमच्याकडं सांगलीला न्हाईत व्हय?"